आधी पन्नास

"आधी पन्नास."

हे दोन शब्द म्हटल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कोणतं काम सुरू केलं असेल असं मला वाटत नाही. म्हणताना ते उजव्या हाताचं मधलं बोट भुवयांच्या मध्ये टेकवत. जणू तिथे एक खुंटी आहे आणि ती दाबली की डोकं जागेवर बसतं.

मी सर्वांत जास्त ऋणी कोणाचा, असं कोणी विचारलं तर मी पन्नासरावांचं नाव घेतो. अर्थात हे त्यांचं खरं नाव नव्हे, मुलांनी ठेवलेलं. खरं नाव भारदस्त होतं. पण ते छापलेलं पाहून ते ओशाळले असते, आणि माझ्यामुळे ओशाळायची पाळी त्यांच्यावर एकदा येऊन गेलेली आहे. दुसऱ्यांदा नको.

तीसच्या दशकातली गोष्ट. नाशकातल्या आमच्या कॉलेजात तेव्हा सायन्स इंटरपर्यंतच होतं, आणि पन्नासराव रसायनाचे डेमॉन्स्ट्रेटर होते. प्रोफेसर फळ्यावर शिकवीत. परीक्षानळी कशी धरावी, हात कुठे भाजतो आणि भाजल्यावर काय करावं, हे पन्नासराव शिकवीत. अंगात बंद गळ्याचा कोट, त्याला ॲसिडने पडलेली भोकं. डोक्यावर काळी टोपी. कोटाच्या आतल्या खिशात तपकिरीची एक डबी असे आणि तिच्यात तपकीर नसून प्रयोगशाळेतल्या मोजक्या प्लॅटिनमच्या तारा असत. नवा विद्यार्थी ती डबी पाहून हमखास फसायचा. "घ्या की चिमूटभर," असं म्हणून ते डबी पुढे करत आणि त्याचा चेहरा बघत राहत.

शहरात गॅस नव्हता. पेट्रोलच्या वाफेचा गॅस करणारं एक यंत्र मागच्या पडवीत होतं. त्याचं जड वजन दोरीने वर चढवून ठेवायचं, ते हळूहळू उतरत राही तोवर खोलीतल्या ज्योती नीट जळत. वजन तळाला पोचलं की सगळ्या ज्योती एकदम माना टाकत आणि सर ओरडत, "धोंडू, चढव!" धोंडू हा प्रयोगशाळेचा हमाल. तो विडी टाकून धावत जाई.

या खोलीचा मानबिंदू म्हणजे कोपऱ्यातला स्पेक्ट्रोस्कोप. पितळी, तीन नळ्यांचा, मध्ये तिकोनी काच. एका नळीच्या टोकाला बारीक फट, तिच्यासमोर ज्योत. दुसऱ्या नळीला आपला डोळा. तिसऱ्या नळीमागे मेणबत्ती ठेवली की आत आकड्यांची एक पट्टी उजळे. ज्योतीत एखाद्या धातूचा क्षार धरला की काळोखात उजेडाच्या रेघा उमटत, आणि त्या पट्टीच्या कोणत्या आकड्यावर पडल्या ते वाचायचं. प्रत्येक धातूच्या जागा ठरलेल्या. मात्र त्याआधी पट्टी जुळवून घ्यावी लागे. मिठातला धातू सोडियम. त्याची पिवळी रेघ बरोबर पन्नासावर आणायची. ती पन्नासावर नसेल तर पुढचं सगळं वाचन चूक.

म्हणून आधी पन्नास. पण सरांनी ते त्या यंत्रापुरतं ठेवलं नव्हतं. एकदा धोंडू धावत आला, "साहेब, तराजूच्या खोलीत माकड शिरलंय!"

सरांनी बोट भुवईमध्ये टेकवलं. "आधी पन्नास, धोंडू. एक माकड की दोन?"

एकदा एक मुलगा रडवेला होऊन रजा मागायला आला. घरून तार आली होती. सरांनी त्याला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "आधी पन्नास. तार उघडलीस का?" त्याने उघडलीच नव्हती. उघडली तेव्हा त्याच्या बहिणीला मुलगा झाल्याचं कळलं.

आणखी एक त्यांचं वाक्य होतं. ती पिवळी रेघ इतकी चिवट, की मीठ न घालताही दिसायची. तार कितीही वेळा ॲसिडमध्ये बुडवून भाजा, कोणाच्या तरी घामाचं, बोटाचं मीठ ज्योतीत येईच. आम्ही कंटाळायचो. सर म्हणत, "राहू द्या तिला. खोलीत माणूस आहे तोवर ती जायची नाही."

आता माझ्याविषयी थोडं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

माझं घर येवल्याचं. आम्ही रंगारी. पैठण्या विणणाऱ्यांना लागणारं रेशीम रंगवून द्यायचं हा पिढीजात धंदा. अंगणात भट्ट्या, त्यांवर तांब्याची मोठी भांडी, दांडीवर वाळत टाकलेल्या लडी. वडिलांचे हात कोपरापर्यंत कायमचे रंगलेले. त्यांची नजर अशी, की दोन घरी रंगवलेल्या दोन लडी शेजारी धरून ते सांगत, ही आपली, ही नाही. आणि त्यांच्या पोटी जन्मलेल्या मला तांबडं आणि हिरवं यांतला फरक कळत नव्हता.

आज हे वाक्य मी एका दमात लिहिलं. तेव्हा ते मला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, सगळ्यांना असंच दिसतं; फक्त बाकीची मुलं लक्ष देऊन बघतात आणि मी देत नाही. तुम्हीही लहानपणी अशी एखादी गोष्ट स्वतःचा दोष म्हणून जवळ बाळगली असेल, तर तुम्हाला हे समजेल.

मी लहान असताना एकदा वडील म्हणाले, "दांडीवरची तांबडी लड चाचांना दे." चाचा म्हणजे आमचे जुने विणकर. ओट्यावर चार माणसं बसली होती. मी लड नेऊन चाचांच्या मांडीवर ठेवली. ती पोपटी होती. चाचा हसत सुटले, "अरे भाई, ये तुम्हारा लडका है कि हलवाई का?" ओटा हसला. वडील हसले नाहीत. त्यांना वाटलं, मी चारचौघांत त्यांच्या धंद्याची चेष्टा केली. त्यांनी मला घरात नेऊन मारलं. असं आणखी दोनदा झालं आणि मग ते आईला म्हणाले, "ह्याचं भट्टीपाशी काय काम नाय. शाळंत जाऊ दे."

आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. लोक म्हणतात, पोराच्या अंगी विद्या होती. खरं कारण हे असं आहे.

कॉलेजात रसायन आलं आणि जुनी लाज परत आली. क्षार ओळखायचे तर आधी तो तारेवर घेऊन ज्योतीत धरायचा आणि ज्योत कोणत्या रंगाची होते ते लिहायचं. स्ट्रॉन्शियमची किरमिजी, बेरियमची हिरवट. मला दोन्ही मळकट पिवळ्या. माझ्या टेबलाचा जोडीदार निफाडचा होता. आम्ही तांबट आळीत एकाच खोलीवर राहायचो. दिवसभर कानाशी तांब्यावर हातोडे पडत, त्यामुळे तो नेहमी ओरडूनच बोले. मी त्याला हळूच विचारायचो, "कसली दिसते रे?" तो सांगेल ते लिहायचो. एक दिवस त्याला लहर आली. मी विचारल्यावर तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मोरपंखी." मी लिहिलं, ज्योत मोरपंखी.

सरांनी माझी वही उचलली आणि मोठ्याने वाचलं, "मोरपंखी?"

सगळी खोली हसली. निफाडकर तर टेबलाखाली गेला. ज्योतीत स्ट्रॉन्शियम होतं. माझ्या कानात पुन्हा तोच ओटा, तीच माणसं. सरांनी वही मिटली, माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि म्हणाले, "येवलेकर, सुटल्यावर थांबा." ते आम्हाला गावावरूनच हाक मारत.

सगळे गेल्यावर त्यांनी चिनी मातीच्या दोन बशा माझ्यापुढे ठेवल्या. एकीत शेंदूर, दुसरीत तांब्याची हिरवी भुकटी. "ही कोणती आणि ही कोणती?"

मी अंदाजाने काहीतरी सांगितलं. त्यांनी बशांची अदलाबदल केली. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा जागा बदलल्या.

"अंदाज नको, येवलेकर. दिसतं तेवढंच सांगा."

"सर," मी म्हणालो, "एक फिकी आहे, एक गडद. बाकी दोन्ही सारख्याच."

हे मी जन्मात पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं. सांगून झाल्यावर मला वाटलं, आता हे म्हणतील, सायन्स सोडा, घरी जा. घरी माझं काय काम होतं? भट्टीपाशी मी नको होतो म्हणून तर इथे आलो होतो.

सरांनी बोट भुवईमध्ये टेकवलं. "आधी पन्नास. बसा इथं."

त्यांनी मला स्पेक्ट्रोस्कोपपुढे बसवलं. माझ्या मानेवर हात ठेवून डोळा नळीशी आणला. मी मिठाची रेघ पन्नासावर बसवली. मग त्यांनी तारेवर काहीतरी घेऊन ज्योतीत धरलं. "काय दिसतं?"

"एक रेघ, सर."

"कुठं?"

"बत्तीसवर."

"लिथियम. आता?"

"डावीकडे पट्टे. आणि एक रेघ लांब उजवीकडे. एकशेपाचला."

"स्ट्रॉन्शियम. सगळ्या मुलांनी मला डावीकडचे पट्टे सांगितले. ही उजवीकडची कोणालाच सापडली नाही. रंग बघून खूश होतात आणि डोळा काढून घेतात." ते ज्योतीपासून मागे सरले. "मग तुम्हाला दिसत नाही ते काय?"

मी नळीवरून डोळा काढला आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"रंगांधळेपणा म्हणतात याला. जन्मतः असतो. तुमची चूक नाही, तुमच्या आईबापांची नाही. रेल्वेत गार्ड तेवढे होऊ नका, बाकी दुनिया मोकळी आहे. इथून पुढं ज्योतीचा रंग तुम्हाला विचारणार नाही. मला जागा सांगायची."

"सर, कोणाला सांगू नका," मी म्हणालो. "निफाडकरलासुद्धा नको. शपथ आहे."

"मी कशाला सांगू? ते तुमचं आहे." मग थोडं थांबून म्हणाले, "पण घरी ठाऊक आहे का?"

मी नाही म्हटलं. कसं नाही, ते त्यांनी हळूहळू काढून घेतलं. ओटा, पोपटी लड, मार, सगळं. ऐकून त्यांनी त्या दोन बशा कपाटात ठेवल्या. जाताना एवढंच म्हणाले, "घरून पाच-सहा रंगांच्या लडी मागवा. प्रयोगाला पाहिजेत असं लिहा."

मी लिहिलं. पुढच्या आठवड्यात लडींऐवजी वडीलच आले.

कॉलेजात रेशीम कशाला, हे त्यांना पटेना. पोरगं कुठे विकत तर नाही ना, असा संशय. मनमाडला गाडी बदलून नाशिक रोडला उतरले, तिथून टांग्याने गावात आले. काखेत पंच्यात बांधलेलं गाठोडं. कॉलेजच्या पायऱ्यांपाशी त्यांनी वहाणा काढल्या, देवळात काढतात तशा, आणि रंगलेले हात उपरण्याच्या पदरात गुंडाळून घेतले. सर बाहेर आले तेव्हा वडिलांनी नमस्कारही पदरासकट केला.

"या, रंगारीदादा," सर म्हणाले. "माल दाखवा."

टेबलावर गाठोडं सुटलं आणि वडील बदललेच. हात बाहेर आले, आवाज आला. "हा तांबडा कुसुंबी. हा पोपटी. हा गुलबक्षी. हा जांभळा, हा घरचा हाय, असा येवल्यात दुसऱ्याला नाय जमत. आन् ही मोतिया." सर एकेक लड उजेडात धरून "वा" म्हणत होते. ते खोटं नव्हतं, त्यांना खरंच आवडत होतं.

"दादा, तुमच्या डोळ्यांची परीक्षा घेतली तर चालेल?"

"घ्या की. त्यावरच तर पोट हाय."

सरांनी मला हळूच "सांगू ना?" असं विचारलं, मी मान हलवली, आणि त्यांनी आम्हा दोघांना मागच्या काळोख्या खोलीत नेलं. खिडकीला काळा कागद चिकटवलेला. त्यांनी मिठाच्या पाण्यात भिजवलेली वात ज्योतीवर धरली. मोठी, पिवळीजर्द ज्योत उभी राहिली. दुसरा उजेड कुठेच नव्हता. सरांनी लडी हातातल्या हातात मिसळून टेबलावर टाकल्या.

"आता कुसुंबी द्या मला."

वडिलांनी हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. त्यांनी एक लड उचलली, ठेवली. दुसरी उचलली. त्या उजेडात सगळं एकाच राखेचं दिसतं. काही फिकं, काही गडद, रंग म्हणून कशालाच नाही. माणसांचे चेहरेसुद्धा मेल्यासारखे. तुम्ही कधी पाहिलं नसेल तर पाहा, पण एकटे पाहू नका. वडिलांनी एक लड नाकाशी नेली.

"नाकानं नाही, दादा. डोळ्यांनी."

"हे दिव्यात काय घातलंय तुमी?"

"मीठ. तुमच्या स्वयंपाकघरातलंच."

शेवटी त्यांनी एक लड सरांच्या हातात दिली. सरांनी दार किलकिलं केलं. फटीतून दिवसाचा उजेड आला. वडिलांनी लडीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. मला ते दोन रंग वेगळे कळत नव्हतेच. सरांनी मोठ्याने सांगितलं म्हणून समजलं.

"पोपटी," सर म्हणाले. दार पुन्हा लावलं. "मलाही ओळखता आली नसती. या उजेडात कोणालाच येत नाही. तुमच्या मुलाला उन्हातसुद्धा काही रंगांचं असं होतं."



"रातंदिस?" वडिलांनी विचारलं.

"इतकं नाही. पण तांबडं आणि हिरवं, होय. जन्मापासून."

"मी त्याला मारलं हो ह्यापायी."

सरांनी दाराच्या कडीला हात घातला. मग विचारलं, "दार उघडू?"

"नको," वडील म्हणाले. "राहू द्या जरा."

आम्ही तिघे तसेच उभे राहिलो. वडिलांचे रंगलेले हात आणि सरांचे गोरे हात त्या उजेडात एकाच राखेचे दिसत होते. बाहेर पडल्यावर वडिलांनी हात पदरात घेतले नाहीत. टांग्यात बसताना मला म्हणाले, "साहेब सांगत्याल तसं कर." त्या माराचा विषय पुढे त्यांनी कधी काढला नाही.

त्यानंतर वर्षभर मी जागा शिकलो. बत्तीस, एकशेपाच, बेरियमचा सत्तरच्या घरातला रेघांचा पुंजका. परीक्षानळीत रंगीत साका बसला तर तो कशात विरघळतो ते पाहून ओळखायचा. सरांनी प्रत्येक रंगासाठी मला दुसरी वाट काढून दिली. निफाडकरला वाटे, मी सरांचा लाडका झालो म्हणून सारखा त्या कोपऱ्यात असतो. "काय रे, जावई करून घेतायत का?" असं तो ओरडून विचारी.

मग इंटरची प्रात्यक्षिक परीक्षा आली. परीक्षक मुंबईहून आले होते. सूट, सोन्याच्या काड्यांचा चष्मा. सगळं बोलणं इंग्रजीत चालायचं. इथे मी मराठीत सांगतो.

माझा क्षार मी बरोबर ओळखून ठेवला होता. परीक्षक टेबलापाशी आले, कागद पाहिला, मान हलवली. आता पुढे जातील असं वाटलं. पण त्यांनी स्वतः प्लॅटिनमची तार उचलली, शेजारच्या कुठल्याशा भुकटीत बुडवली आणि ज्योतीत धरली. "रंग?"

मळकट पिवळी ज्योत. किरमिजी असेल, हिरवट असेल. दोन शक्यता, एक वर्ष, एक आयुष्य.

"सर, स्पेक्ट्रोस्कोपमधून पाहू का?"

"ज्योत तुझ्या नाकासमोर आहे. रंग सांगायला स्पेक्ट्रोस्कोप लागतो?"

 त्यांनी तार पुन्हा धरली. "रंग?"

तेवढ्यात पन्नासराव पुढे आले. हातात पुसायचं फडकं होतं. "साहेब, ज्योतीच्या रंगावर विसंबायचं नाही असं मीच यांना शिकवलं आहे. मिठाचा पिवळेपणा सगळीकडे मिसळतो. म्हणून मी मुलांना जागाच वाचायला लावतो."

"असं?" परीक्षकांनी तार शेजारी निफाडकरच्या ज्योतीत धरली. "तू सांग. रंग?"

निफाडकरला काही ठाऊक नव्हतं. तो ताठ उभा राहून म्हणाला, "हिरवा, सर."

"बरोबर. मग हा तुमचा नियम एका मुलापुरताच आहे वाटतं?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. सरांचे कान लाल झाले असतील. मला दिसणं शक्य नव्हतं. ते खाली बघून फडक्याची घडी घालत होते.

"चूक माझी आहे, साहेब. मी नीट शिकवलं नाही."

"दिसतंच आहे. ज्या डेमॉन्स्ट्रेटरला ज्योत शिकवता येत नाही, त्याने मुलांना पितळी खेळणी देऊ नयेत. गावोगावच्या कॉलेजांची हीच तऱ्हा."

हे सगळं मुलांसमोर. धोंडूसमोर. मी तोंड उघडलं. एकच वाक्य बोलायचं होतं, आणि ते बोललो असतो असं मी आजही स्वतःला सांगतो. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मधलं बोट भुवयांच्या मध्ये टेकवलं आणि अगदी हळू, मराठीत म्हणाले, "आधी पन्नास, येवलेकर."

मी तोंड मिटलं. परीक्षकांनी कंटाळून हात झटकला, "पाहू दे त्याला त्याच्या नळीतून." मी बसलो. मिठाची रेघ पन्नासावर आणली. ती दोनदा सुटली. मग तार ज्योतीत धरली. सत्तरच्या घरात पुंजका. "बेरियम," मी म्हणालो. परीक्षकांनी कागदावर काहीतरी खूण केली आणि ते पुढे गेले.

परीक्षा संपल्यावर सर स्पेक्ट्रोस्कोप पुसत होते. मी जवळ जाऊन उभा राहिलो. त्यांनी वर पाहिलं नाही. "बेरियम बरोबर होतं," एवढंच म्हणाले. आणि तपकिरीची डबी पुढे केली, "घ्या की चिमूटभर."

मी पास झालो. जूनमध्ये दाखला घ्यायला गेलो तेव्हा प्रयोगशाळेत कोणी तरुण नवे गृहस्थ होते. धोंडू पडवीत वजनाची दोरी बदलत बसला होता.

"साहेब गेले," तो म्हणाला. "खानदेशात कुठं तरी शाळंत मास्तर झाले म्हनत्यात."

"का गेले?"

"ते मला कोन सांगनार?"

त्या परीक्षेमुळे गेले की त्यांच्या मनानेच गेले, ते मला आजतागायत कळलेलं नाही. मी कोपऱ्यात जाऊन स्पेक्ट्रोस्कोपवरचं कापड काढलं. धोंडूने ज्योत लावून दिली. मीठ घातलं नव्हतं तरी पिवळी रेघ होतीच. पन्नासावर नव्हती, जरा बाजूला सरकलेली होती. मी स्क्रू फिरवून ती जागेवर आणली, कापड परत घातलं आणि घरी गेलो.

पत्र लिहायला मला पुढची काही वर्षं लागली. पुण्याला बी.एस्सी. झालो, एका साखर कारखान्यात नोकरी लागली, आणि शेवटी निफाडकरने कुठूनसा त्यांचा पत्ता मिळवून दिला. पार्सलासोबत पत्र पाठवलं. पोचल्याचं उत्तर आलं नाही. कच्चा खर्डा माझ्याकडे राहिला आहे, तो तसाच देतो.

"तीर्थस्वरूप सरांचे सेवेशी,

येवलेकर याचे कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपण मला ओळखाल की नाही, शंका वाटते. वहीत 'मोरपंखी' लिहिणारा तो मी.

आपल्या कृपेने पदवी मिळाली. आता साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. येथे एक काळोखी खोली आहे. तीत मिठाच्या पिवळ्या उजेडावर चालणारे एक यंत्र आहे. गोल चकतीचे दोन अर्ध सारखे उजळ करावयाचे आणि आकडा वाचावयाचा, म्हणजे रसातली साखर कळते. रंग कोणी विचारीत नाही. त्या खोलीत आम्ही चौघे काम करतो आणि चौघांनाही सारखेच दिसते.

पत्रास इतका विलंब झाला याचे कारण लाज. प्रत्येक वेळी 'आपले उपकार' येथवर लिहून हात थांबे. मुंबईच्या साहेबांपुढे आपण मान खाली घालून उभे होता आणि मी आपल्या पाठीमागे बसून आकडे वाचीत होतो, हे पुढे लिहावेसे वाटत नसे. मला बोलावयाचे होते. आपण बोलू दिले नाही. तेव्हा वाटले, सरांनी मला वाचवले. आता वाटते, मी बोललो असतो तर सर वाचले असते.

गेल्या महिन्यात आमच्या मुख्य केमिस्टांनी मला रसात औषधाचे थेंब टाकून त्याचा रंग कधी पालटतो ते पाहण्यास सांगितले. मी सर्वांदेखत म्हणालो की मला रंग कळत नाहीत, जन्मापासून कळत नाहीत. ते म्हणाले, 'मग ते दुसरा पाहील, तुम्ही काळोख्या खोलीत बसा.' एवढेच म्हणाले. कोणी हसले नाही. इतके सोपे होते, सर.

वडील आपली आठवण काढतात. सोबत एक रेशमी उपरणे पाठवीत आहे. रेशीम वडिलांनी रंगवले, चाचांनी विणले. घरी फळीवर बरीच होती. मी वडिलांना म्हटले, तुम्ही निवडा. ते म्हणाले, 'साहेब तुझं हायेत, तू निवड.' म्हणून मी निवडले. रंग कोणता, ते मी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. वरच्या फळीवर, डावीकडून तिसरे होते.

आपला आज्ञाधारक,
येवलेकर"